तीन सेन्सर एकदम कसे ‘जातात’? चेक इंजिनच्या एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

गाडी २०१६ सालची, पेट्रोलवर चालणारी, टर्बो नसलेली साधी हॅचबॅक आहे आणि पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका सोसायटीत ती उघड्यावर उभी असते. एप्रिलच्या अखेरीस तिची तक्रार सुरू झाली. दुपारी गाडी कोंडीत अडकली की चेक इंजिनचा पिवळा दिवा लागायचा, पिकअप एकदम जायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन ठरावीक मर्यादेपलीकडे रेझ होत नसे. गाडी कडेला घेऊन बंद केली आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली की ती पूर्ववत चालत असे. दिवा मात्र लागलेलाच राही. सकाळच्या गारव्यात ही तक्रार कधीच उद्भवली नाही.

गाडीचे मालक निवृत्त शिक्षक आहेत. वेळ, ठिकाण, एसी चालू होता की बंद, अशा नोंदी त्यांनी वहीत नेटकेपणाने ठेवल्या होत्या आणि पुढच्या सगळ्या तपासणीत ही वही स्कॅनरइतकीच उपयोगी पडली. गाडी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर यादीत पहिला कोड मॅप सेन्सरचा, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब मोजणाऱ्या सेन्सरचा निघाला, म्हणून तो बदलण्यात आला. दिवा पुन्हा लागला तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी सांगितले, “काका, आता थ्रॉटल बॉडीच बदलावी लागेल, तिचा सेन्सर वेगळा मिळत नाही.” त्याच सुमारास एसी मधूनमधून गार करत नाही म्हणून गाडी एसीवाल्याकडेही गेली होती आणि त्याने गॅस भरून दिला होता. थ्रॉटल बॉडीची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागाची, किंमत ऐकल्यावर मालकांनी हात आखडता घेतला आणि गाडी आमच्यासमोर आली.

कोडची यादी आणि तिची दिशा

भारतात एप्रिल २०१३ पासून चारचाकी वाहनांना ओबीडी-२ ही स्वनिदान व्यवस्था सक्तीची आहे. अमेरिकेत ती १९९६ च्या मॉडेलांपासून आली. त्यामुळे या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे प्रमाणित सॉकेट आहे आणि ब्लूटूथचा साधा अ‍ॅडॉप्टर लावून मोबाइलवर कोड वाचता येतात. सॉकेटच्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचा पुरवठा कायम असतो, म्हणून काम झाल्यावर अ‍ॅडॉप्टर काढून ठेवावा. तो लावून गाडी आठवडाभर उभी ठेवली तर कमकुवत बॅटरी उतरू शकते.

वाचनात पक्के झालेले तीन कोड मिळाले. पी०१०७ म्हणजे मॅप सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी, पी०१२२ म्हणजे थ्रॉटलच्या स्थितीच्या सेन्सर सर्किटमध्ये व्होल्टेज कमी आणि पी०५३२ म्हणजे एसीतल्या गॅसच्या दाबाच्या सेन्सर सर्किटमध्ये व्होल्टेज कमी. याखेरीज प्रलंबित, म्हणजे एकदा आढळलेल्या पण अजून पक्क्या न झालेल्या, कोडांच्या वेगळ्या यादीत पी०६४२ होता: सेन्सरांना दिल्या जाणाऱ्या संदर्भ व्होल्टेजचे ‘अ’ सर्किट कमी. ही दुसरी यादी मुद्दाम उघडून पाहावी लागते. घाईत असलेला माणूस ती उघडत नाही आणि या प्रकरणात सर्वांत बोलका कोड नेमका तिथेच बसला होता.

कोड वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. पी०१०७ हा कोड ‘मॅप सेन्सर खराब आहे’ असे म्हणत नाही. संगणकाच्या, म्हणजे ईसीएमच्या, एका पिनेवर अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेज आले एवढेच तो सांगतो, आणि ते कमी येण्याचे कारण सेन्सरमध्ये, कपलरमध्ये (वायरी सेन्सरला जोडणाऱ्या प्लगमध्ये), तीन वायरींपैकी एकीत किंवा त्या वायरीला जोडलेल्या भलत्याच भागात असू शकते. वेगवेगळ्या कामांचे तीन सेन्सर एकाच दुपारी, एकाच क्षणी निकामी होण्याची शक्यता इतकी कमी आहे की ती सर्वांत शेवटी विचारात घ्यावी. आधी विचारायचा प्रश्न असा, की या तिघांत सामाईक काय आहे?

तिघेही तीन वायरींचे सेन्सर आहेत. एका वायरीने ईसीएमकडून पाच व्होल्टचा संदर्भ पुरवठा येतो, दुसरी सेन्सरची अर्थ, म्हणजे ऋण टोकाकडे परतीची वायर, आणि तिसरी सिग्नलची. सिग्नल हा पाच व्होल्टांचाच एक हिस्सा असतो. पुरवठा खाली आला की सिग्नलही खाली येतो. ही पाच व्होल्टची वायर प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र नसते, तर हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, एका जोडापाशी फुटून अनेक सेन्सरांना जाते. एका मजल्यावरची पाण्याची लाइन फुटली की त्याच टाकीवरच्या बाकीच्या घरांतले नळही मंदावतात, आणि मग प्रत्येक घरातला नळ बदलून उपयोग होत नाही, तसाच हा प्रकार.

त्यातही तिन्ही कोड ‘कमी’चे असणे फार महत्त्वाचे होते. सामाईक अर्थ तुटली असती तर सिग्नलला खाली जाण्याची वाट उरली नसती, तो वर चढला असता आणि पी०१०८, पी०१२३, पी०५३३ असे ‘जास्त’चे कोड आले असते. तिन्ही खाली गेले याचा अर्थ पाच व्होल्टचा पुरवठा तुटतो आहे किंवा कुठेतरी अर्थला टेकतो आहे. आता पुरवठ्याची वायर ईसीएम आणि जोड यांच्यामध्ये तुटली असती तर ईसीएमला स्वतःच्या टोकाशी पाच व्होल्ट दिसतच राहिले असते आणि पी०६४२ उमटला नसता. तो उमटला होता, म्हणजे खेच ईसीएमपर्यंत पोचत होती. निदानाचे अर्धे काम इथपर्यंत बॉनेट न उघडता झाले होते, आणि थ्रॉटल बॉडी बदलण्याची शिफारस याच टप्प्यावर बाजूला ठेवायला हरकत नव्हती.

दोष घडला त्या क्षणीची माहिती ईसीएम साठवून ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इथे ती पी०१०७ सोबत साठली होती: वेग शून्य, इंजिनच्या पाण्याचे तापमान ९३ अंश, आत येणाऱ्या हवेचे ५८ अंश. यातून दोन गोष्टी कळल्या. गाडी तापलेल्या अवस्थेत उभी होती, हे मालकांच्या वहीशी जुळत होते. दुसरे असे, की पाण्याचा आणि हवेचा, हे दोन्ही तापमान सेन्सर त्या क्षणीही विश्वासार्ह आकडे देत होते. हे सेन्सर दोन वायरींचे असतात आणि त्यांचे व्होल्टेज ईसीएमच्या आतल्या रोधकातून येते, बाहेरच्या सामाईक पाच व्होल्टच्या वायरीवर ते अवलंबून नसतात. त्यांचे आकडे ठीक आणि त्या वायरीवरचे तिघे खाली, ही विभागणी संशय एकाच वायरीवर आणून ठेवणारी होती. कोड पुसले की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणून पहिल्या वाचनाचे छायाचित्र काढून ठेवल्याशिवाय ‘क्लिअर’चे बटण दाबू नये.

वही चाळताना आणखी एक नोंद सापडली. दिवा लागलेल्या प्रत्येक दुपारी एसी चालू होता आणि दिवा लागताच एसीची हवा कोमट झाली होती. मालकांनी इंजिनची तक्रार एका ठिकाणी व एसीची दुसऱ्या ठिकाणी सांगितल्यामुळे या दोन गोष्टी कोणीच शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

आधी करायच्या साध्या तपासण्या

बॅटरी कमकुवत असेल तर ईसीएम वाटेल ते कोड देतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.५ व्होल्ट होती, स्टार्टर फिरताना ती दहाच्या खाली गेली नाही आणि इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट मिळाले. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंत, दिवे आणि ब्लोअर चालू असताना, व्होल्टेजचा फरक एक दशांश व्होल्टपेक्षा कमी होता. अर्थची चाचणी अशी भार टाकूनच करावी लागते. नुसत्या ओहममध्ये मोजले तर दोन-चार तारांवर तग धरून असलेली अर्थ केबलही चांगलीच दिसते.

उंदरांचा संशय पुण्यातल्या उघड्या पार्किंगमध्ये कधीही बाद ठरवता येत नाही. इंजिनच्या कप्प्यात तंबाखूची पाने आणि डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या होत्याच (मालकांची भिस्त गोळ्यांपेक्षा पानांवर अधिक होती). हार्नेसवरची टेप, बॅटरीखालचा भाग, फायरवॉलजवळचा (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळचा) कोपरा, सगळे आरशाच्या मदतीने पाहिले. कुरतडल्याच्या खुणा किंवा लेंड्या कुठेही नव्हत्या.

मॅप सेन्सरची एक चाचणी मात्र घरबसल्या आणि फुकट होते. किल्ली ऑन आणि इंजिन बंद असताना या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. समुद्रसपाटीला, म्हणजे मुंबईत, तो साधारण १०१ किलोपास्कल असतो, पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर सुमारे ९५ आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. या गाडीत नवा सेन्सर ९५ दाखवत होता. गॅरेजने काढून परत दिलेला जुना सेन्सर तात्पुरता लावून पाहिला, तर त्यानेही ९५ च दाखवले.

पाच व्होल्टच्या वायरीवर मीटर

आता दोष घडताना पकडणे एवढेच उरले होते. मोबाइलवरचे आकडे यासाठी पुरे पडत नाहीत, कारण स्वस्त अ‍ॅडॉप्टर एका सेकंदात मोजकीच वाचने देतो आणि क्षणिक खड्डा त्यातून निसटतो. डिजिटल मल्टिमीटर लागतो आणि त्यात किमान-कमाल नोंदवण्याची सोय असेल तर उत्तम. बारीक पिन मॅप सेन्सरच्या कपलरमध्ये पाठीमागून, वायर आणि तिच्या रबरी सीलच्या मधून, आतल्या धातूला टेकेपर्यंत सरकवली. वायरीच्या आवरणाला टोचून भोक पाडण्याची पद्धत टाळावी. पावसाळ्यात तिथून पाणी शिरते आणि पुढच्या वर्षी हिरवा गंज सापडतो. सेन्सरच्या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्पही लावू नये, कारण त्याचा प्रवाह ईसीएमच्या नाजूक सर्किटला झेपेलच असे नाही. मीटरची काळी वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावली.

किल्ली ऑन, इंजिन थंड: ४.९९ व्होल्ट. सेन्सरच्या अर्थ पिनेवर ०.०१. म्हणजे थंड असताना सर्किट निर्दोष होते आणि सकाळी गाडी तपासणाऱ्या कोणालाही ते तसेच दिसले असते.

मग ऐन दुपारी, मोकळ्या जागेत, इंजिन चालू करून एसी पूर्ण क्षमतेवर लावला आणि काचा उघड्या ठेवल्या, म्हणजे कॉम्प्रेसर सतत चालत राहील. रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागतो, त्यामुळे बाह्या, मीटरच्या वायरी आणि बोटे त्यापासून लांब ठेवणे आवश्यक आहे. बंद गॅरेजात किंवा तळघरात हे करूच नये, तिथे धुराने जीव जाऊ शकतो. बराच वेळ मीटर ४.९९ वर स्थिर होता. नंतर शेवटचा आकडा हलू लागला, ४.९७, ४.८, मग एकदम तीनच्या खाली, आणि काही सेकंदांत ०.९ व्होल्ट. त्याच क्षणी कॉम्प्रेसर सुटल्याचा टक् आवाज झाला, इंजिनचा ठेका बदलला आणि दिवा लागला.

इथे वेळ थोडा असतो. कॉम्प्रेसर सुटला की एसीची उच्च दाबाची नळी निवू लागते आणि दोष नाहीसा होण्याची शक्यता असते. इंजिन बंद करून किल्ली ऑन ठेवली. आधी मॅप सेन्सरचा कपलर काढला. पिन हार्नेसच्या बाजूला असल्याने मोजणी चालूच होती आणि आकडा ०.९ वरच राहिला. मग कंडेन्सरजवळच्या (एसीचा गॅस थंड करणाऱ्या, पुढच्या जाळीजवळच्या) नळीवरील एसीच्या दाब सेन्सरचा कपलर काढला आणि मीटर तत्काळ ४.९९ वर गेला.

कपलर उलटा करून उजेडात धरला तेव्हा तिन्ही पिनांवर आणि रबरी सीलच्या कडेला पातळ, चिकट तेल दिसले. इंजिन ऑइलसारखे ते काळे नव्हते, स्वच्छ आणि किंचित पिवळसर होते. एसीच्या बंद परिपथात गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेल फिरत असते आणि सेन्सरच्या आतले सील गेले की तेच कपलरपर्यंत झिरपते.

तरीही एक शंका उरत होती. कपलर ओढताना हार्नेस हलतो, आणि वायर कुठे घासून बॉडीला टेकत असेल तर ती त्या हलण्यानेही सुटली असती. म्हणून सगळे थंड झाल्यावर, किल्ली ऑन व इंजिन बंद ठेवून, घरातला हेअर ड्रायर कामाला आला. प्रथम मॅप सेन्सर तापवला, मग थ्रॉटल बॉडीचा कपलर, मग हार्नेसचा पुढचा भाग हलवत हलवत, मीटर ४.९९ वरून ढळला नाही. शेवटी एसीचा दाब सेन्सर तापवला आणि व्होल्टेज पुन्हा एकच्या खाली उतरले. कपलर काढून हार्नेसचा तोच भाग तापवला तेव्हा ते पुन्हा स्थिर होते. दोष वायरीत नव्हता, सेन्सरच्या आत होता.

दोषाचा सारा क्रमही यातून उलगडला. कोंडीत समोरून वारा मिळत नाही, कंडेन्सर आणि नळी तापतात, सेन्सर आतून शॉर्ट होतो आणि सामाईक पाच व्होल्ट कोसळतात. थ्रॉटल व मॅपचे सिग्नल नाहीसे झाल्याने ईसीएम इंजिनला लिंप मोडमध्ये, म्हणजे मर्यादित ताकदीच्या सुरक्षित अवस्थेत, टाकतो, आणि एसीच्या दाबाचे वाचन गेल्याने कॉम्प्रेसरही सोडतो. कॉम्प्रेसर सुटल्याने नळी निवते, शॉर्ट आपोआप सुटतो, पण लिंप मोड किल्ली बंद होईपर्यंत कायम राहतो. गाडी बंद करून चालू केल्यावर ती ‘बरी’ होण्याचे कारण हेच होते.

दुरुस्ती

घरी करायचे काम इथे संपले. हा सेन्सर ज्या नळीवर बसतो तिच्यात एसी चालू असताना पंधरा बारांच्या आसपास दाब असतो. अनेक गाड्यांत सेन्सरखाली झडप असते आणि गॅस न सोडता तो निघतो, पण सगळ्याच गाड्यांत तशी सोय नसते. चुकीच्या अंदाजाने पान्हा फिरवला तर द्रवरूप गॅस डोळ्यांवर किंवा हातावर उडून थंडीने कातडी जळू शकते. काम गॅस काढून परत भरण्याचे यंत्र असलेल्या एसी मिस्त्रीकडून करून घेतले आणि त्यांना स्पष्ट सांगितले, की सेन्सर, त्याची ओ-रिंग आणि कपलरची सफाई एवढेच हवे आहे. कपलर तेल विरघळवणाऱ्या इलेक्ट्रिकल क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवून लावला. थ्रॉटल बॉडीच्या मानाने हा सेन्सर पुष्कळच स्वस्त पडला.

काढलेला सेन्सर टेबलावर ठेवून पुरवठा आणि अर्थ या दोन पिनांमधला रोध मोजला. थंड असताना तो काही किलोओहम होता. ड्रायरने तापवल्यावर वीस ओहमांच्या आसपास घसरला. पाच व्होल्टच्या मर्यादित पुरवठ्याला एवढा शॉर्ट पुरेसा असतो.

पडताळणीसाठी कोड पुसले आणि मीटर जोडलेलाच ठेवून ती दुपारची चाचणी पुन्हा केली. एसी पूर्ण चालू असताना व्होल्टेज ४.९९ वरून हलले नाही आणि मॅपचे वाचन ३५ ते ४० किलोपास्कलच्या दरम्यान, म्हणजे पुण्यात एसीसह आयडलिंगला असावे तसे, राहिले. कोड पुसल्यावर ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात, त्यामुळे लगेच दिसणाऱ्या रिकाम्या यादीला काही किंमत नाही. गाडी नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या वेळी, एसी लावून चालवल्यावर त्या चाचण्या पूर्ण झाल्याचे अ‍ॅपमध्ये दिसले, आणि त्यानंतर उघडलेली पक्क्या कोडांची यादी व प्रलंबित कोडांची यादी, दोन्ही रिकाम्या होत्या. मालकांनी मे महिनाभर वहीत नोंदी चालू ठेवल्या. त्यांत दिव्याची नोंद नाही. बदललेला मॅप सेन्सर मुळात चांगलाच होता, तो आता डिकीतल्या टूलकिटसोबत सुटा भाग म्हणून ठेवला आहे.